गिअर उजवीकडे आहे

मासिक उघडलं आणि माझा डावा हात आपोआप उठला. मधल्या दोन पानांवर माझी गाडी पसरली होती. शिडीवरून घेतलेला फोटो, छप्पर काढून ठेवलेलं, मधोमध चालकाची सीट आणि सीटच्या डाव्या अंगाला गिअरचा दांडा. रोज गिऱ्हाइकांच्या गाड्या मागेपुढे करताना हात जिकडे जातो तिकडेच तो निघाला, आणि अर्ध्यावर थांबला. माझ्या गाडीत गिअर उजवीकडे आहे. मी स्वतः तो उजवीकडे बसवला, तिथल्या पट्ट्या वेल्ड करताना मनगटावर ठिणगी पडली, तिचा डाग अजून आहे. मी पान जवळ धरलं, लांब धरलं, चष्मा पुसला. दांडा डावीकडेच. शेवटी पिना उचकटून ते पान सुटं केलं, खिडकीशी नेलं आणि उलट्या बाजूने उजेडावर धरलं. पानामागच्या टायरच्या जाहिरातीतून आरपार माझी गाडी दिसली, पुसट पण बरोबर, गिअर उजवीकडे. म्हणजे त्यांनी फोटो उलटा छापला होता, आरशात दिसतो तसा. बाहेर गॅरेजमध्ये एकजण आपल्या गाडीचा आरसा बसवून घ्यायला ताटकळत उभा होता. तो म्हणाला, "काय उस्ताद, फोटो आला वाटतं? अभिनंदन!" मी म्हणालो, "हो, आला." आणि त्याला उजवीकडचा आरसा डावीकडे बसवून दिला. तो दुसऱ्या दिवशी शिव्या देत परत आला, पण ते नंतरचं.

हे मासिक आमच्या घरात दादाने आणलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो डावरा, म्हणून गॅरेजवर येणारेजाणारे त्याला डावराच म्हणत, आणि रागावले की बाबाही म्हणत. शाळेत असल्यापासून तो हे मासिक घ्यायचा आणि मागून पुढे वाचायचा. मधल्या पानावर दर महिन्याला कुणीतरी स्वतःच्या हाताने बांधलेली गाडी असायची. नखाने पिनांचे पाय सरळ करायचे, पान अलगद काढायचं, पिना पुन्हा दुमडायच्या, म्हणजे बाकीचं मासिक सुटं होत नाही, हे त्याचं शास्त्र. आमच्या खोलीच्या भिंतीवर त्या गाड्या ओळीने लावलेल्या असत, प्रत्येकीच्या पोटाला पिनांची भोकं. "आपली गाडी एक दिवस मधल्या पानावर येणार," तो म्हणायचा. आयुष्यभर पत्रा ठोकून बाबांना कमी ऐकू यायचं. ते विचारायचे, "कुठल्या पान्यावर? बारा-तेराच्या?" मग आईला हसू आवरायचं नाही, आणि आई हसतेय म्हटल्यावर बाबाही काही न कळता हसायचे. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं की आईला हसवायला ते तसं करत, हे मला आजही सांगता येणार नाही. बाबा गेले, त्यांची हत्यारं माझ्याकडे आली, आणि बारा-तेराचा पाना हातात घेतला की मला अजून मधलं पान आठवतं.

बाबांची एक जुनी व्हॅन होती. पुढे एकच लांब सीट. स्टिअरिंगवर बाबा, खिडकीशी मी, आणि मधे दादा, गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून. आई मागे रंगाच्या डब्यांत बसायची आणि आम्ही पुढचे तिघे काय बोलतो ते ऐकायला पुढे वाकायची. बाबा क्लच दाबून नुसतं "हं" म्हणायचे आणि दादा उजव्या हाताने गिअर टाकायचा. त्या दोघांचं इतकं जमत गेलं की पुढे पुढे बाबा "हं"सुद्धा म्हणत नसत. मी खिडकीबाहेर बघायचो. खिडकी मला मिळाली म्हणजे मी जिंकलो, असं मला तेव्हा वाटायचं.

गाडीची कल्पना त्याचीच, बाबा गेल्यानंतरची. चालक मधोमध, आणि त्याच्या जरा मागे दोन्ही बाजूंना एकेक सीट. "डावीकडे आई, उजवीकडे तू," त्याने जाहीर करून टाकलं. मला कुणी विचारलं नव्हतं. गॅरेजच्या फरशीवर त्याने रंगाने पूर्ण मापाची गाडी आखली, त्या आखणीत स्टूल ठेवून तो बसला, आणि हवेतला गिअर टाकून दाखवला. उजव्या हाताने. "उजवीकडे कशाला?" मी म्हटलं. तो म्हणाला, "अरे, सगळ्या गाड्या तुम्हा उजव्यांसाठी केलेल्या. जोराचा हात स्टिअरिंगवर आणि रिकामा हात गिअरवर. माझा जोराचा हात डावा. एक तरी गाडी माझ्या बाजूची असू दे की." हे खरं असेलही. पण मला वाटतं, खरं कारण ती व्हॅन होती. बाबांच्या शेजारी बसून त्याचा उजवा हात जे शिकला ते त्याला सोडवत नव्हतं. त्याने ते कधी कबूल केलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही भाऊ होतो, आमच्यात पाना दे, पकड दे, एवढंच बोलणं व्हायचं.

सांगाडा उभा राहिला, बॉनेट झालं. बॉनेटला हवेसाठी दोन्ही अंगांना त्याने फटी पाडल्या, एकेक मोजून, जीभ दातांत धरून. उजवीकडची शेवटची फट राहिली होती तेव्हा आईने वरून जेवायला हाक मारली, "आलो" म्हणायला त्याने मान वळवली आणि छिन्नी घसरली. फट वाकडी गेली. मी म्हटलं, पुट्टीने बुजवून पुन्हा पाडू. तो म्हणाला, "राहू दे. गाडी चोरीला गेली तर ओळखायला बरी."

गाडी नाही गेली, तोच गेला. भांडून गेला असता तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं, कुणीतरी मध्ये पडतं, कुणीतरी आधी बोलतं. तसं काहीच नव्हतं. परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात नव्या गाड्यांचे पहिले नमुने हाताने ठोकून करतात, तिथे त्याला बोलावणं आलं. कुणालाही आलं असतं तर कुणीही गेलं असतं. भाड्याची मोटार दारात उभी होती. तो बॅग उचलून म्हणाला, "बरं, जातो." आई म्हणाली, "जातो काय? येतो म्हण." तो हसला. म्हणणारच होता, पण मोटारवाल्याने हॉर्न वाजवला, आणि तो "हो हो" करत धावला. आधी दर आठवड्याला फोन यायचा, मग सणावारी, मग त्यानेच केला तर. मग एकदा मी केला तेव्हा हा क्रमांक अस्तित्वात नाही असं एका बाईच्या आवाजात ऐकू आलं. कारखान्यात विचारलं तर ते म्हणाले, ते गृहस्थ इथलं काम सोडून गेले. कुठे गेले ते आम्हाला माहीत नाही. सगळे समजूत घालायचे. लग्न केलं असेल, कामात असेल, लाजत असेल. आई मात्र एकच म्हणायची, "येतो म्हणाला नाही तो." जणू त्या एका शब्दावर सगळं अडलं होतं. मी तिच्यावर चिडायचो. शब्दाने काय होतंय, म्हणायचो. आणि खाली गॅरेजमध्ये आलो की मलाही वाटायचं, तो हॉर्न जरा उशिरा वाजला असता तर.

गाडी मी पुरी केली. का केली, असं आईने एकदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, जागा अडते म्हणून. बायका-मुलांचा व्याप माझ्यामागे नाही. गिऱ्हाइकांची कामं संपली की शटर अर्धं ओढून मी तिच्यावर काम करायचो, त्याच्या आखणीवर, रेघेला रेघ लावून. सगळं त्याच्या मापाचं. तो माझ्याहून हातभर उंच, त्यामुळे चालकाची सीट इतकी मागे गेली की पाय पोचायला मला पाठीमागे उशी घ्यावी लागते. सीट पुढे घेता आली असती, चार बोल्टांचं काम. मी घेतली नाही. गिअर उजवीकडे. माझा जोराचा हात उजवा, तो गिअरवर अडकला की डाव्या हाताने स्टिअरिंग सांभाळताना वळणावर माझी तारांबळ उडते. आईने आपल्या मशीनवर सीटची कव्हरं शिवली आणि आपल्या सीटला दुहेरी शिवण घातली, कारण, ती म्हणाली, माझं वजन आहे. पहिल्यांदा तिला बाहेर घेऊन गेलो तेव्हा ती डावीकडे बसली, मी मधे उशी घेऊन, उजवीकडची सीट रिकामी. चौकात एका माणसाने आपली गाडी बाजूला घेऊन विचारलं, "स्वतःसाठी बांधली का हो?" मी उत्तर द्यायच्या आत आई म्हणाली, "ह्याला विचारा, हा कुणाच्या जागेवर बसलाय." त्या माणसाला काही कळलं नाही, तो छान छान म्हणत निघून गेला.

मग मला मधल्या पानाचं वेड लागलं. लोकांना वाटलं, ह्याला या वयात नाव हवंय. नाव हवं असतं तर मी उशी घेऊन फोटोत बसलो नसतो का? मला तो हवा होता. एवढंच, दुसरं काही नाही. तो जगात कुठेही असला तरी हे मासिक बघणार, मागून पुढे, आणि मधल्या पानाशी येऊन थांबणार. हल्ली ते फोनवरही दिसतं. गाडी दिसली की तो आधी गिअर बघणार. उजवीकडे दिसला की त्याला कळेल की जागा ठेवली आहे. क्रमांक असता तरी फोन करून मला हे सांगता आलं नसतं, आवाज चिरकला असता. गाडीने सांगितलं असतं. म्हणून मी मासिकाला फोटो पाठवत राहिलो. त्यांनी भीक घातली नाही. एकदा उत्तर आलं की आम्ही घरगुती गाड्या छापत नाही. मग त्यांच्या प्रदर्शनाला गाडी घेऊन गेलो. आतली जागा मोठ्या मंडळींची, मला बाहेर उपाहारगृहाच्या दारात जागा मिळाली. लोक हातात चहाचे कप घेऊन गाडीवर टेकायचे. तिथे मासिकाचा लेखक चहाला आला, टेकला, दचकला आणि म्हणाला, "अरेच्चा, मधे बसायचं?" असं घोडं गंगेत न्हालं.

ते दोघं आले, लेखक आणि फोटोग्राफर. फोटोग्राफर शिडी घेऊन आला होता. म्हणाला, फरशी स्वच्छ हवी, ह्या रंगाच्या रेघोट्या दिसतील. मी म्हटलं, रेघोट्या नाहीत, आखणी आहे. मग माझं मलाच हसू आलं. गाडी झाली, आता आखणी काय चाटायची आहे? मी ब्रश आणि थिनर घेतलं आणि दादाची गाडी फरशीवरून घासून काढली. फोटोग्राफरने नंबरप्लेट काढायला लावली, बॉनेटवर वाकून वाकड्या फटीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे संगणकावर सरळ करून टाकतो." मी म्हटलं, "हात लावलात तर फोटो नको." तो लेखकाकडे बघून भुवया उडवून शिडीवर चढला. लेखक मात्र भला होता, त्याने सगळं लिहून घेतलं. मी त्याला गिअरचं दोनदा सांगितलं. "उजवीकडे का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "जो चालवणार आहे तो डावरा आहे." "म्हणजे तुम्ही?" "नाही." त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं. "हे वाक्य नक्की घ्या," मी म्हटलं. तो म्हणाला, घेतलंच समजा.

आणि आता हे. लेखात चाकं होती, रंग होता, आईची शिवण होती, गिअरचं अक्षरही नव्हतं. मी मासिकाच्या कचेरीत फोन लावला. लेख तपासून छापायला पाठवणाऱ्या बाई होत्या, त्या अगदी मोकळेपणाने बोलल्या. त्यामुळे रागावताही येईना.

"हो, फोटो फिरवलाय आम्ही. डावीकडे शीर्षकाला मोकळी जागा हवी होती आणि मोकळी फरशी होती उजवीकडे. तुमची गाडी मधल्या सीटची, दोन्हीकडून सारखीच ना? नंबरही नाही. कुणाला कळणार?"

"आणि गिअरचं वाक्य?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "हं, ते मी काढलं. लिहिलं होतं गिअर उजवीकडे, आणि फोटोत तर डावीकडे. मला वाटलं, लेखकाची चूक. मग डावीकडे असं केलं, तर ते वाचायला विचित्र. गिअर डावीकडे असतो ही काय सांगायची गोष्ट आहे? म्हणून वाक्यच काढलं."

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापता येईल का?"

"एवढ्याशासाठी? अहो, लोकांना गाडी आवडलीय! तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

मी फोन ठेवला. तोंडाला पानं पुसली म्हणतात, माझ्या तर मधलंच पान पुसलं. फरशीकडे पाहिलं. थिनरने घासलेली ती जागा बाकीच्या गॅरेजपेक्षा पांढरी होती, आणि तिच्यावर एक रेघही उरली नव्हती. निदान आखणी असती तर मी स्वतःला तरी दाखवलं असतं. नंतरचे दिवस लोक अभिनंदन करत येत राहिले. पेट्रोलपंपावरच्याने पान कापून काचेला लावलं. मी हसत होतो, हात मिळवत होतो, आणि डोक्यात एकच चित्र फिरत होतं. कुठल्यातरी खोलीत, ज्या खोलीची मला काही कल्पना करता येत नव्हती, म्हणून मी तिला आमचीच खिडकी आणि आमचीच भिंत लावायचो, दादा मासिक उघडतोय. मागून पुढे. मधलं पान. गाडी ओळखली, नजर गिअरवर गेली. डावीकडे. मग तो काय म्हणणार? बरोबर आहे, म्हणेल. ह्याने बांधली, ह्याच्या सोयीने बांधली, त्यात काय चुकलं? पिना न उचकटता मासिक मिटेल. मी गाडी छापून आणली नसती तर निदान तो आखणीतल्या स्टुलावर बसलेला राहिला असता. आता मीच त्याला तिथून उठवलं होतं, आणि तेही सगळ्यांना दिसेल असं, रंगीत. आईला पान दाखवलं तेव्हा तिने चष्म्याच्या वरून पाहिलं, आतून पाहिलं, दुहेरी शिवणीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मला तुझ्या बाजूला बसवलंय." मी म्हटलं, "फोटो उलटा आहे." ती म्हणाली, "मग त्याला गिअर कसा सापडायचा?" आणि शिवणाच्या मशीनकडे वळली. तिला सगळं कळत होतं, आणि मी इतकी वर्षं जागा अडते म्हणून सांगत होतो.

दुसऱ्या महिन्याचा अंक यायच्या आधी मासिकाच्या बाईंचा फोन आला. मी एका बंपरखाली उताणा पडलो होतो. झोपूनच फोन घेतला.

"तुमच्या गाडीबद्दल खात्री करायची होती. एका वाचकाचा फोन आला होता. बराच लांबचा असावा, आवाज मागेपुढे होत होता. अहो, काय हट्टी माणूस! म्हणाले, बॉनेटची वाकडी फट उजवीकडे आहे, तुम्ही ती डावीकडे छापलीत. म्हणजे फोटो उलटा आहे, म्हणजे गिअर उजवीकडे आहे. उजवीकडेच आहे, मला सांगू नका, असं माझ्यावरच ओरडले. मी म्हटलं, तुम्ही ही गाडी पाहिलीय का? तर म्हणाले, नाही."

"नाव काय सांगितलं?"

"दोनदा विचारलं. म्हणाले, नावाशी काय करायचंय, तुम्ही चूक दुरुस्त करा. मग आमच्याकडे ठरलं की दोन ओळी टाकून द्याव्यात. तेव्हा तुम्हीच सांगा, गिअर नक्की कुठे आहे?"

बंपरखालून मला आमच्या गाडीची दोनच चाकं दिसत होती. "उजवीकडे आहे," मी म्हणालो. आवाज चिरकला. मी तेच पुन्हा सांगितलं.

"बरं, बरं. आणि गंमत सांगू का? फोन ठेवताना ठेवतो नाही म्हणाले. बरं, येतो, म्हणाले. फोनवर कुणी येतो म्हणतं का हो?" त्या हसल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी बंपरखालून सरपटत बाहेर आलो. मग हातही न धुता वर गेलो. आई खिडकीशी सुईत दोरा ओवत होती, आणि तो जात नव्हता. "कुणाचा फोन?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मासिकवाल्यांचा. फोटो उलटा छापला म्हणून कुण्या वाचकाने त्यांना झाडलं. वाकडी फट त्याने ओळखली." आईचा हात थांबला. सुई उजेडावर तशीच धरून ती माझ्याकडे वळली. मग तिने विचारलं, "ठेवताना काय म्हणाला?"

"येतो म्हणाला."

तिने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका झटक्यात सुईत ओवलं. "मग ती तुझी उशी काढून ठेव सीटवरची," ती म्हणाली.

मी खाली गेलो आणि उशी काढली.